डोंगराचे मालक की डोंगराचे मजूर?

सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज आता नळातून वाहू लागले आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील हेडरीपासून चामोर्शी तालुक्यातील कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटर लांबीची वाहिनी टाकण्यात आली असून खनिजाची भुकटी पाण्यात मिसळून तिच्यातून कारखान्याकडे पाठविली जाते. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते या वाहिनीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी कोनसरी येथील समारंभात कंपनीचे समभाग कामगारांना देण्यात आले होते आणि ते स्वीकारणाऱ्यांत शस्त्र खाली ठेवून आलेले काही माजी नक्षलवादीही होते. ज्या जिल्ह्यातील नेमणूक ही सरकारी नोकरांत कालपरवापर्यंत शिक्षा समजली जात असे, त्या जिल्ह्याचा उल्लेख आता पोलादाची भावी राजधानी म्हणून होऊ लागला आहे. राज्याच्या नकाशावर १९८२ साली वेगळा जिल्हा म्हणून उमटलेल्या या मुलखाच्या वाट्याला इतके कौतुक प्रथमच येत आहे.

कौतुकाच्या या गदारोळात एक जुना प्रश्न मात्र मागे पडला आहे. डोंगराखालच्या खनिजामुळे डोंगरावर राहणाऱ्या माणसाचे नेमके काय होते? देशात आजवर झालेल्या विकासाच्या कामांनी जी माणसे उठविली, त्यांत आदिवासींचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असल्याचे अभ्यासकांचे अनुमान आहे. देशाच्या लोकसंख्येत मात्र २०११ च्या जनगणनेनुसार त्यांचे प्रमाण अवघे ८.६ टक्के आहे. झारखंडातील सिंहभूम, ओडिशातील केओंझर, छत्तीसगडमधील दंतेवाडा या जिल्ह्यांनी देशाला अमाप लोखंड दिले. पण ज्या गावांच्या शिवारातून ते निघाले, त्यांतील कितीतरी गावांत आजही पिण्याच्या पाण्यासाठी पायपीट करावी लागते. इतिहास असा असल्यामुळे गडचिरोलीतल्या माडियाने खाणीकडे संशयाने पाहिले तर त्याला अडाणी ठरविण्याचे कारण नाही. गेल्या पाऊणशे वर्षांच्या अनुभवावरून काढलेला हा अगदी व्यवहारी निष्कर्ष आहे.

या विषयावरील चर्चा बहुधा दोन टोकांना बसलेल्या मंडळींमध्ये चालते. एका बाजूस पोकलेन यंत्र दिसताच विकास झाला असे मानणारे आहेत. दुसऱ्या बाजूस, आदिवासींना त्यांच्या जंगलात सुखाने राहू द्यावे, असे शहरातल्या दिवाणखान्यात बसून सांगणारे आहेत. पहिल्यांना आदिवासी हा अडथळा वाटतो, तर दुसऱ्यांना तो संग्रहालयातला नमुना हवा असतो. एटापल्लीच्या आश्रमशाळेतून बारावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला काय हवे आहे, हे दोघांपैकी कोणीच विचारीत नाही. त्या मुलाला नोकरी हवी आहे, दवाखाना हवा आहे, आणि वडिलांची शेती व आजोबांचे देवस्थानही हवे आहे. या मागण्या परस्परविरोधी आहेत असे गृहीत धरूनच आजवरचे बहुतेक प्रकल्प आखले गेले. खाणीपासून आदिवासींचे हित साधणे अशक्य आहे, असे अर्थशास्त्राचा कोणताही नियम सांगत नाही. मात्र ते आपोआप साधते, असेही कोणताच नियम सांगत नाही.

प्रथम खनिज म्हणजे काय, याचा विचार करावयास हवा. धान दरवर्षी पिकते, मोहाची फुले दरवर्षी गळतात, तेंदूचे पान दर उन्हाळ्यात फुटते. लोखंडाचा दगड एकदा उचलला की संपला. म्हणून खनिजाच्या विक्रीतून येणारा पैसा हे उत्पन्न नव्हे, ती साठलेल्या ठेव्याची किंमत आहे. वडिलोपार्जित वाडा विकून आलेला पैसा घरखर्चाला लावणाऱ्याला शहाणे लोक उधळ्या म्हणतात. सरकारे मात्र स्वामित्वधन महसुलात जमा करतात आणि त्याच वर्षी खर्चून मोकळी होतात. शिवाय हा वाडा कोणाचा होता, हा प्रश्न आहेच. कायद्याच्या दृष्टीने भूगर्भातील मोठी खनिजे राज्याच्या मालकीची समजली जातात. डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरविणाऱ्या, दर जानेवारीत दूरदूरच्या गावांतून पायी चालत येणाऱ्या लोकांना ही मालकी कधी हस्तांतरित झाली, हे कोणी सांगितलेले नाही.

आता थोडा हिशेब. लोहखनिजावर सरासरी विक्रीकिंमतीच्या १५ टक्के स्वामित्वधन आकारले जाते. २०१५ साली खाण व खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याचे ठरले. जानेवारी २०१५ पूर्वी दिलेल्या पट्ट्यांच्या धारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के, आणि त्यानंतर लिलावाने पट्टे घेणाऱ्यांनी १० टक्के इतकी रक्कम या प्रतिष्ठानाकडे भरावयाची असते. हिशेबाच्या सोयीसाठी खनिजाचा भाव टनास ४,००० रुपये धरू. स्वामित्वधन झाले ६०० रुपये. प्रतिष्ठानाच्या वाट्याला आले १८० रुपये. म्हणजे शंभर रुपयांच्या दगडामागे खाणबाधितांसाठी साडेचार रुपये. लिलावाच्या खाणीत हीच रक्कम टनामागे ६० रुपयांवर येते, म्हणजे शेकडा दीड रुपया. लिलावात बोली लावून मिळणारा जादा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. गावाचा वाटा मात्र तिसऱ्या हिश्श्यावर उतरतो. लिलावाची पद्धत पारदर्शक म्हणून आणली गेली आणि ती मनमानी वाटपापेक्षा निश्चितच बरी आहे. पण जिथे सरकारला अधिक मिळू लागले तिथेच बाधितांना कमी मिळावे, यातले तर्कशास्त्र उलगडत नाही. सुरजागडच्या परिसरातील आणखी काही खनिजगट लिलावात गेलेले असल्यामुळे हा प्रश्न गडचिरोलीपुरता तरी कागदावरचा राहिलेला नाही.

हा वाटा याहून मोठा होऊ शकला असता, हेही विसरले गेले आहे. नव्या खाण कायद्याच्या मसुद्यावर २०१० च्या सुमारास चर्चा चालू होती तेव्हा बाधित कुटुंबांना कंपनीत २६ टक्के भागीदारी देण्याची कल्पना पुढे आली होती. उद्योगजगताने मोठा आरडाओरडा केला. २०११ मध्ये लोकसभेत आलेल्या विधेयकात कोळशासाठी नफ्याच्या २६ टक्के आणि अन्य मोठ्या खनिजांसाठी स्वामित्वधनाइतकीच रक्कम, असे स्वरूप उरले. लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपले. पुढे शंभराचे तीस झाले आणि लिलावाच्या पट्ट्यांना दहाच. भागीदारी या शब्दाचा तर उच्चारही राहिला नाही. मालक म्हणून मिळणारा हिस्सा आणि बाधित म्हणून मिळणारे साहाय्य यांत केवळ रकमेचा फरक नसतो. हिस्सेदार हिशेब मागतो. साहाय्य घेणाऱ्याने आभार मानावयाचे असतात.

असे असले तरी साडेचार टक्के ही उपेक्षणीय बाब नाही. सुरजागडच्या खाणीची मंजूर क्षमता २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यात आली आणि २०२५ मध्ये त्याहूनही मोठ्या वाढीस संमती मिळाली. एक कोटी टन खनिज आणि वर गृहीत धरलेला भाव, एवढे धरले तरी प्रतिष्ठानाकडे वर्षाकाठी १८० कोटी रुपये यावयास हवेत. २०११ च्या जनगणनेत एटापल्ली तालुक्याची लोकसंख्या लाखाच्या आत होती. तेव्हा पैसा नाही, ही सबब यापुढे चालणार नाही. पैसा आहे, किंवा लवकरच असेल. तो कोठे आणि कोणाच्या सांगण्यावरून खर्च होतो, येथेच खरी ग्यानबाची मेख आहे.

नियम पाहिले तर ते वाईट नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये सुधारलेल्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिष्ठानाच्या निधीपैकी किमान ७० टक्के रक्कम प्रत्यक्ष बाधित क्षेत्रात आणि किमान ७० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, उपजीविका अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च झाली पाहिजे. अनुसूचित क्षेत्रातील बाधित गावांत घ्यावयाच्या कामांना ग्रामसभेची मान्यता हवी आणि वर्षअखेर केलेल्या कामांचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवला पाहिजे, असेही त्यांत नमूद आहे. मूळ कायद्यातच, या प्रतिष्ठानांचे नियम करताना राज्यांनी पाचवी अनुसूची, १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्याशी सुसंगत राहावे, असे बंधन आहे. परंतु प्रतिष्ठानाचा कारभार जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली चालतो, परिषदेत लोकप्रतिनिधी व खातेप्रमुख बसतात, आणि ठेकेदाराला इमारत बांधणे हे परिचारिका नेमण्यापेक्षा नेहमीच सोयीचे असते. देशभरातून या निधीविषयी ज्या तक्रारी येतात त्यांचा सूर एकच आहे: खाण एकीकडे आणि निधीतून झालेले सुशोभन दुसरीकडे. छत्तीसगडमध्ये तर या निधीतील गैरव्यवहारांचा तपास सक्तवसुली संचालनालयापर्यंत गेला. ज्याच्या नावाने पैसा जमा झाला त्याला त्या पैशाची वार्ताही नसावी, असे घडते याचे कारण ग्रामसभेची मान्यता म्हणजे कोरम पूर्ण केल्याचा एक कागद, अशी समजूत कचेऱ्यांत दृढ झाली आहे.

रोजगाराचे आश्वासन हे प्रत्येक खाणीबरोबर येते आणि त्याची परीक्षा करण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. गडचिरोलीच्या पूर्वेस, छत्तीसगडच्या दंतेवाड्यात, बैलाडिलाच्या डोंगररांगेत १९६८ पासून राष्ट्रीय खनिज विकास महामंडळ लोखंड काढीत आहे. खाण सरकारी, माल जपानला जाणारा, त्यासाठी विशाखापट्टणमच्या बाजूने पूर्व घाट फोडून आणलेला लोहमार्ग. त्या काळी या सर्वांचा अभिमान वाटावा असेच ते काम होते. प्रारंभी हातांनी दगड फोडण्यासाठी ठेकेदारांमार्फत हजारो मजूर लागले. पुढे यंत्रे आली आणि मजुरांची गरज संपली. एप्रिल १९७८ मध्ये किरंदुल येथे कपातीविरुद्ध उठलेल्या मजुरांवर गोळीबार झाला. त्यानंतर खाणीची वसाहत वाढली, तिच्यात शाळा, दवाखाना, बाजार सर्व काही आले. पण त्या वसाहतीत स्थानिक गोंड मुख्यतः झाडलोट करणारा किंवा भाजी विकणारा म्हणूनच शिरला. डोंगरातून वाहणाऱ्या शंखिनी आणि डंकिनी या नद्यांचे पाणी खनिजाच्या गाळाने तांबडे झाले, हे तर त्या भागात जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे.

आजची खाण ही प्रथमपासूनच यंत्रांची खाण असते. तिला अकुशल हात फार थोडे लागतात. डंपर चालविणे, यंत्रांची देखभाल, प्रयोगशाळेतील पृथक्करण, सर्वेक्षण ही तिची कामे. यांपैकी पहिले काम सहा महिन्यांत शिकविता येते आणि एटापल्लीची काही मुले व मुलीही अवजड वाहने चालवू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. बाकीच्या कामांसाठी दहा-पंधरा वर्षांचे नीट शालेय शिक्षण लागते. खाणपट्टा २००७ साली दिला गेला. त्याच वर्षी तालुक्यातील प्राथमिक शाळांत गणित शिकविणारे, माडिया भाषा जाणणारे शिक्षक नेमले असते, तर तेव्हा पहिलीत बसलेली मुले आज अभियंते झाली असती. खाण सुरू झाल्यावर कौशल्यविकास केंद्राची कोनशिला बसविणे म्हणजे वरातीमागून घोडे.

या हिशेबात खाणीमुळे काय जाते हेही मांडावे लागते, आणि ते सहसा मांडले जात नाही. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. या जंगलात रोजगार नाही, असे मुंबईत मानले जाते. वस्तुतः धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही त्या ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर जिल्ह्यातील हजाराहून अधिक ग्रामसभांना असे हक्क मिळाले आहेत. अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात, व्यापाऱ्याशी करार करतात, मजुरी व बोनस वाटतात आणि काही रक्कम गावाच्या खात्यात ठेवतात. ज्यांना कारभार जमणार नाही असे वनखाते सांगत होते, त्यांनीच तो करून दाखविला. या व्यवहारात चुका झाल्या आहेत, व्यापाऱ्यांनी काही गावांना फसविलेही आहे. पण सहकारी साखर कारखान्यांचा इतिहास ठाऊक असलेल्या महाराष्ट्राने त्याबद्दल फार नाक मुरडू नये.

आता खाणीसाठी जंगल तोडावयाचे झाले म्हणजे कंपनीकडून त्या जंगलाची वर्तमान किंमत वसूल केली जाते. ती रक्कम कोठे जाते? वनीकरणाच्या सरकारी निधीत. झाडे लावली जातात तीही बहुधा दुसरीकडे. ज्या गावाचे मोह, चारोळी, डिंक, बांबू आणि गुरांचे चराऊ रान गेले, त्या गावाला त्या किमतीतील हिस्सा हक्काने मिळत नाही. सामूहिक वनहक्क कायद्याने मान्य केल्यानंतर तरी ही पद्धत बदलावयास हवी होती. जंगलाची किंमत ठरविता येते हे सरकारने मान्य केले आहे. ती कोणाला द्यावयाची एवढेच मान्य करणे बाकी आहे. खनिजाच्या मालमोटारींनी आलापल्ली-आष्टी मार्गाची जी दशा केली आणि रस्त्याकडेच्या पिकांवर जो तांबडा थर चढविला, त्याची किंमत तर कोणत्याच रकान्यात नाही. वाहिनी झाल्यामुळे हा त्रास उणावेल अशी आशा आहे; पण ती आधी आणि मालमोटारी नंतर, असा क्रम कोणास सुचला नाही.

संमतीचा प्रश्न याहून अवघड आहे. पेसा कायद्यातील एक विसंगती सामान्य वाचकास ठाऊक नसेल. अनुसूचित क्षेत्रात वाळू, मुरूम किंवा दगड यांसारख्या गौण खनिजाची खाण द्यावयाची तर ग्रामसभेची अथवा योग्य त्या स्तरावरील पंचायतीची शिफारस अनिवार्य आहे. लोखंडाचा डोंगर द्यावयाचा असेल तर या कायद्यात तशी अट नाही. भूसंपादन असेल तर सल्लामसलत करावी एवढेच. म्हणजे गावाने मुरमाच्या खड्ड्याविषयी बोलावे आणि डोंगराविषयी गप्प बसावे! वनहक्क कायद्याच्या अनुषंगाने ही उणीव काही अंशी भरून निघाली होती. वनजमीन वळविण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, असे २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण खात्याने सांगितले. पण २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी केंद्राच्या मंजुरीनंतरच्या टप्प्यावर, राज्यांकडे ढकलली. मंजुरी आधी आणि संमती मागाहून, या क्रमाने संमतीला काय अर्थ राहतो, हे सांगावयास नको.

सुरजागडच्या क्षमतावाढीसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली, ती खाणीपासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या गडचिरोली शहरात. सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट व्हावी, अशी २००६ च्या अधिसूचनेची अपेक्षा आहे. कारण सुरक्षिततेचे सांगितले गेले. पुढील वर्षी तोडगट्टा येथे आसपासच्या ग्रामसभांनी नव्या खाणींविरुद्ध आठ महिन्यांहून अधिक काळ धरणे धरले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पोलिसी कारवाईने ते संपले. या मुलखात बंदुकीच्या भीतीने मोकळी चर्चा होऊच शकत नाही, हा युक्तिवाद तेव्हा अगदीच खोटा नव्हता. २०१६ च्या अखेरीस खाणीवरील कित्येक डझन वाहने नक्षलवाद्यांनी जाळली होती आणि विरोध किंवा पाठिंबा, दोन्हींमुळे माणसे जिवाला मुकत होती. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवादी संघटनेचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रे खाली ठेवली. बंदूक ओसरली असे सरकारच सांगत असेल, तर सुनावणी गावात घेण्यास आता हरकत कोणती?

ग्रामसभांना विचारले तर त्या प्रत्येक वेळी नकारच देतील, अशी भीती अधिकाऱ्यांना वाटते. ओडिशातील नियमगिरीचा दाखला त्यासाठी दिला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निर्णयानुसार तेथे बारा ग्रामसभा घेण्यात आल्या आणि बाराही ठिकाणी डोंगरिया कोंधांनी बॉक्साइटच्या खाणीस नकार दिला. पण तेथे गावांना विचारले गेले, ते डोंगरपायथ्याच्या लांजीगडला शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिल्यानंतर. आधी कारखाना बांधावयाचा आणि मग डोंगर मागावयाचा, हा सौदा कोणता शहाणा विक्रेता मान्य करील? नकार देण्याचा अधिकार असल्याशिवाय होकाराला भाव येत नाही, हे बाजारातले साधे तत्त्व आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याशी कोणी वाटाघाट करीत नसते.

नाही म्हणण्याचा अधिकार असलेल्यांनी हो म्हटल्याचेही उदाहरण आहे. अलास्कामध्ये १९७१ च्या कायद्याने तेथील आदिम जमातींना सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि सव्वाशहाण्णव कोटी डॉलरच्या घरात रक्कम मिळाली आणि ती सांभाळण्यासाठी त्यांच्याच प्रादेशिक मंडळ्या स्थापन झाल्या. वायव्य अलास्कातील इनुपियाक लोकांच्या नाना नावाच्या मंडळीच्या जमिनीत जस्ताचा प्रचंड साठा आहे. प्रदीर्घ विचारानंतर १९८२ मध्ये तिने एका खाणकंपनीशी करार केला. प्रारंभी उत्पन्नातील अल्प हिस्सा आणि भांडवल वसूल झाल्यावर निव्वळ प्राप्तीचा पाव हिस्सा, तो दर पाच वर्षांनी पाच टक्क्यांनी वाढत जाऊन अखेर निम्म्यावर जाणार, अशी बोली झाली. २००७ पासून पाव हिस्सा सुरू झाला आणि २०२२ मध्ये तो चाळीस टक्क्यांवर पोहोचला. त्यातील मोठा भाग, कायद्याप्रमाणे, अलास्कातील अन्य जमातींच्या मंडळ्यांना वाटला जातो. रेनडिअरांचे कळप स्थलांतर करू लागले की खनिजाची वाहतूक थांबविण्याची व्यवस्था करारातच आहे आणि त्यासाठी गावातील वडीलधाऱ्यांची समिती आहे. हा स्वर्ग नव्हे. खालच्या अंगाच्या किवालिना गावाने पाणी दूषित झाल्याची तक्रार न्यायालयापर्यंत नेली, आणि खाण संपल्यावर पुढे काय, ही चिंता तेथेही आहेच. परंतु तेथला इनुपियाक कंपनीशी मालक म्हणून बोलतो.

याउलट पापुआ न्यू गिनीतील बूगनव्हिल बेटावर पांगुना येथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या तांब्याच्या खाणीने त्या देशाचा अर्थसंकल्प तोलून धरला. जमिनीच्या मूळ मालकांच्या हाती मात्र जवळजवळ काहीच पडले नाही. १९८९ मध्ये खाण बंद पडली ती उठावाने, आणि पाठोपाठ आलेल्या यादवीत हजारो माणसे मेली. खाण आजही बंद आहे. अन्याय्य वाटणी ही गुंतवणूकदाराच्याही हिताची नसते, हे सांगण्यास याहून महाग पुरावा नको.

असे काही भारतात होऊ शकणार नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये समता या संस्थेच्या खटल्यात, आंध्र प्रदेशातील अनुसूचित क्षेत्रात खाजगी कंपन्यांना दिलेले खाणपट्टे अवैध ठरविताना, आदिवासींच्या सहकारी संस्थांनी खनिज काढण्यास वाव ठेवला आणि निव्वळ नफ्याच्या किमान २० टक्के रक्कम कायम निधी म्हणून वेगळी काढावी असे सांगितले. तो निर्णय आंध्रच्या जमीनविषयक कायद्यावर आधारलेला असल्यामुळे महाराष्ट्राला जसाच्या तसा लागू होत नाही, आणि पुढे २००१ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्याविषयी शंकाही व्यक्त केली. पण महाराष्ट्राला कोणी अडविलेले नाही. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या राज्यात ग्रामसभांच्या महासंघाला खाणीतील भागधारक करण्याचा प्रयोग एखाद्या लहान पट्ट्यावर का होईना, करून पाहावयास काय हरकत होती? कामगारांना समभाग देता येतात हे कोनसरीत दिसलेच आहे. कामगार नोकरी सोडून जातो, समभाग विकून टाकतो. गाव मात्र जागचे हलत नाही. गावाला मिळालेला हिस्सा पुढच्या पिढीलाही मिळतो.

त्या पुढच्या पिढीसाठी शेजारच्या गोव्यात एक पायंडा पडला आहे. एप्रिल २०१४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील लोहखनिजाच्या विक्रीच्या १० टक्के रक्कम कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. मुद्दल हलवावयाचे नाही, व्याजावर काम करावयाचे, हे त्यामागचे तत्त्व. गडचिरोलीच्या प्रतिष्ठानालाही आपल्या वार्षिक जमेपैकी दहा टक्क्यांपर्यंत रक्कम अशा कायम ठेवीत ठेवण्याची मुभा २०२४ च्या सूचनांनी दिली आहे. मुभा आहे, सक्ती हवी होती, आणि दहापेक्षा अधिक हवी होती. सुरजागडचा पट्टा कायद्यातील बदलामुळे पन्नास वर्षांचा, म्हणजे २०५७ पर्यंतचा झाला आहे. उत्खननाचा वेग असाच वाढत गेला तर डोंगर त्याआधीच सपाट होईल, आणि तेव्हा ठेवीत काही नसेल तर एटापल्लीच्या हाती लाल पाण्याचा खड्डा तेवढा उरेल.

यांतील बऱ्याच गोष्टींना संसदेची संमती लागेल. लिलावाच्या खाणींचा वाटा दहावरून तिसावर नेणे, पेसातील मोठ्या खनिजांची विसंगती दूर करणे या त्यांपैकीच. महाराष्ट्राला पाचव्या अनुसूचीखाली राज्यपालांच्या अधिकारातून काही करता येईल, आणि वनहक्कांच्या बाबतीत राजभवनाने यापूर्वी तसे केलेही आहे. पण काही कामे उद्या सकाळी सुरू करता येण्यासारखी आहेत. प्रतिष्ठानाकडे खाणीकडून किती टनांमागे किती रुपये आले, ते कोणत्या गावात कशावर खर्च झाले, किती शिल्लक आहेत, एवढा एक पानाचा ताळेबंद तयार करणे अवघड नाही. तो मराठीत छापून गोटुलाच्या भिंतीवर लावता येईल आणि माडियात वाचून दाखविता येईल. उन्हाळ्यातील तेंदूच्या हंगामापूर्वी एटापल्ली आणि भामरागडच्या ग्रामसभा लिलावाचा विचार करण्यासाठी एकत्र बसतात. पानांच्या पुड्याचा भाव पैशापैशाने तपासणाऱ्या त्या बैठकांत हा कागदही ठेवावा, यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना कोणत्याही नव्या शासननिर्णयाची आवश्यकता नाही.